एका दमात

१८ जून २०२४, मंगळवार

फरसाणाच्या जाहिरातीचं काम संपवून डबा उघडतोय, तोच तिघं दारात. दोन मुलगे, एक मुलगी. बँड आहे म्हणाले. कसला? पंक. या खोलीत मी भावगीतं केली, आरत्या केल्या, सोसायटीपासून विधानसभेपर्यंत सगळ्यांचा प्रचार केला. पंक राहिलं होतं.

काम असं आहे. एका कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर त्यांना अर्धा तास मिळालाय. त्यात नऊ गाणी सलग वाजवायची आणि तेच ध्वनिमुद्रण नंतर अल्बम म्हणून काढायचं, काही न बदलता. रेडिओकडे खोली आहे ती दोन माणसं समोरासमोर बसून बोलतील एवढीच, तिथे ड्रमकिट मावत नाही. म्हणून माझ्याकडे.

मी विचारलं, अल्बमसाठी वेगळं रेकॉर्डिंग का नाही करत?

"परवडत नाही, हे खरं कारण," मुलगी म्हणाली. गिटार तीच वाजवते आणि गातेही तीच.

"आणि खोटं?"

"आम्हाला लाइव्हचा रॉ साउंड आवडतो."

पोरगी आवडली. मी दर सांगितला. तोवर मी 'सर' होतो. दर ऐकल्यावर 'काका' झालो. बेस वाजवणारा हिंजवडीला नोकरी करतो, तिघांत तोच कमावता, त्यामुळे घासाघीस त्याने केली. चांगली केली. दोन जुलै ठरली, पालख्या पुण्यातून हलल्यावर.

१९ जून, बुधवार

रात्री हेडफोन लावून स्लिट्सचं पील सेशन ऐकलं, पुष्कळ वर्षांनी. लंडनमधला चार मुलींचा बँड. गाणारी आरी अप तेव्हा पंधरा वर्षांची. १९ सप्टेंबर १९७७ला त्यांनी बीबीसीच्या स्टुडिओत हे वाजवलं, जॉन पीलच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी. पहिला अल्बम निघायला १९७९ उजाडलं आणि तोवर त्यांची ड्रमर पामॉलिव्ह बँड सोडून गेली होती. अल्बमवर ड्रम वाजवलेत ते बजी नावाच्या पुरुषाने. उत्तम वाजवलेत. पण पामॉलिव्ह कशी तुटून पडायची ते ऐकायचं तर या रेडिओच्या टेपकडेच यावं लागतं. ती टेप १९८७ साली बाजारात आली म्हणून. नाहीतर बीबीसीच्या कपाटातच राहिली असती, किंवा पुसून तिच्यावर दुसरं काही चढलं असतं.

पील सेशनची पद्धत ठरलेली होती. बँडने दुपारी यायचं, साधारण चार गाणी वाजवायची, मिक्सिंगसकट सगळं त्याच रात्री संपवायचं. अशी चार हजारांवर सेशन झाली, १९६७पासून पील २००४ साली जाईपर्यंत. आमच्या धंद्यातल्या माणसाला खरं कुतूहल असतं ते काचेमागे कोण बसलं होतं याचं. ऐंशीच्या दशकात बरीच वर्षं तिथे डेल ग्रिफिन होता, जो स्वतः मॉट द हूपल या बँडचा ड्रमर. आठवड्यामागून आठवडे नवखी पोरं यायची आणि एका दिवसात त्यांचा आवाज जमवून द्यायचा. मला ती नोकरी आवडली असती.

उलटंही झालं. क्लॅश १९७८मध्ये आले, थोडं वाजवलं आणि सेशन अर्धं टाकून निघून गेले. तिथली यंत्रं त्यांच्या पसंतीला उतरली नाहीत म्हणे. गॅरेजची गाणी गाणाऱ्यांनी बीबीसीच्या यंत्रांना नावं ठेवावीत, याची मला अजून गंमत वाटते.

ही सगळी सेशन का झाली, याचं कारण मात्र कलेशी फारसं संबंधित नाही. वादकांची युनियन आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला दिवसाकाठी ठरावीक तासांपुरत्याच तबकड्या वाजवता यायच्या. उरलेला वेळ जिवंत माणसं बोलावून भरणं भाग होतं. वादकांची रोजी जाऊ नये म्हणून घातलेली अट होती ती. तिच्या फटीतून ज्यांच्या हातात अजून तबकडीच नव्हती अशी पोरं स्टुडिओत शिरली.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. आमच्या गल्लीतल्या वडाला इतका दोरा गुंडाळलाय की बुंधा दिसेना.

संध्याकाळी बँडची तालीम ऐकायला कर्वेनगरला गेलो. रेकॉर्डिंगच्या आधी बँड त्यांच्या खोलीत ऐकायचा, हा माझा नियम. माइक कुठे लावायचे ते तिथेच कळतं. पत्र्याची शेड, भिंतीला अंड्यांचे ट्रे. अंड्यांच्या ट्रेने आवाज अडत नाही, हे मी सांगून थकलो आहे. आज नाही सांगितलं.

ड्रमर कळायला मला दोन गाणी लागली. स्नेअरवर तो जे करत होता ते कुठल्या इंग्रजी बँडमध्ये ऐकलेलं नव्हतं. हात खांद्यातून येतच नव्हता. मनगट सैल आणि काठीची टोकं चामड्यावर थरथरत राहिलेली. विचारलं तर म्हणाला, सातवीपासून ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतोय. मग उलगडलं. लक्ष्मी रस्त्यावर पन्नास ढोल मागे घेऊन चालणाऱ्या ताशेवाल्याला एकच गोष्ट साधायची असते: सगळ्यांच्या वर ऐकू येणं आणि कुणाला लयीतून घसरू न देणं. पंकच्या ड्रमरकडून अजून वेगळं काय हवं असतं? फक्त तो किक विसरतो. पायाची सवय नाही. ताशेवाल्याचे पाय चालण्यासाठी असतात.

गाणी मराठीत आहेत. एक भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटवर, एक पीएमपीच्या न येणाऱ्या बसवर, एक 'येथे गाडी लावू नये' या पाट्यांवर. पाट्यांचं सगळ्यात चांगलं आहे. एका मिनिटात संपतं. पथकांच्या तालमी नदीकाठी सुरू होताहेत, त्यामुळे ड्रमरला आठ वाजता पळायचं होतं. काठ्या त्याच, बॅग तीच.

२३ जून, रविवार

सकाळी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात गेलो. ड्रमखाली घालायला जाड सतरंजी हवी होती, ती मिळाली. सोबत एचएमव्हीच्या गीतरामायणाच्या संचातल्या दोन सुट्या एलपी. एकीवर ओरखडा आहे. तरी घेतल्या.

वरच्या मजल्यावरचे आप्पा जिन्यात भेटले. ऐन दुपारी माझ्याकडून आवाज आला तर खाली येऊन काचेवर टकटक करणारे ते हेच. कव्हर पाहिलं आणि म्हणाले, "हे नंतरचं. आम्ही ऐकलं ते हे नव्हे."

त्यांचं बरोबर आहे. पुणे आकाशवाणी सुरू झाली २ ऑक्टोबर १९५३ला. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या सकाळी पावणेनऊला गीतरामायणातलं पहिलं गाणं लागलं. मग दर शुक्रवारी नवं गाणं, शनिवार-रविवारी तेच पुन्हा. ठरली होती बावन्न. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, गाणारे जमवायचे, बसवायचं, मुद्रित करायचं, की पुढचा शुक्रवार दारात. पहिल्याच गाण्याचा कागद हरवला आणि कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाडांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून पुन्हा लिहून घेतलं, ही कथा पुण्यात पोराटोरांना माहीत आहे. मला त्यातली कडी आवडते. निर्मात्याच्या हातात शेवटी तेवढंच असतं.

आणि ते एकट्या सुधीर फडक्यांनी गायलेलं नव्हतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, बबनराव नावडीकर, ललिता फडके, लता मंगेशकर. पात्र बदललं की गळा बदलायचा. व्हायोलिनला प्रभाकर जोग. १९६५मध्ये एचएमव्हीने दहा एलपी काढल्या त्या मात्र सगळ्या बाबूजींच्या आवाजात. त्या आवाजाबद्दल तक्रार करणाऱ्याने पुण्यात राहू नये. पण त्यानंतर गीतरामायण म्हणजे तो एकच आवाज असं होऊन बसलं. रेडिओवर जे प्रत्यक्ष घडलं होतं, अनेक गळ्यांचं, त्या त्या आठवड्याच्या घाईतलं, ते आठवणाऱ्यांपुरतं उरलं. आप्पा तेव्हा नऊ वर्षांचे होते, शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून ऐकायचे.

स्लिट्सची टेप बाहेर आली म्हणून पामॉलिव्ह आपल्याला ऐकू येते. आमच्याकडे अल्बम आला आणि त्याने रेडिओ झाकला. अल्बम वाईट असता तर रेडिओची आठवण टिकली असती. तो फार चांगला निघाला.

आप्पांनी रेकॉर्ड लावायला सांगितली. ऐकताना हातावर ताल धरला होता. नंतर म्हणाले, "दोन तारखेला काय आहे तुझ्याकडे? आवाज कमी ठेव."

२५ जून, मंगळवार

अडचण आली. कम्युनिटी रेडिओला आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता पाळावी लागते. डिपॉझिटच्या गाण्यात घरमालकाला उद्देशून एक शब्द आहे, अगदी रोजच्या वापरातला, पण संहितेत बसणारा नाही. रेडिओच्या बाईंनी शांतपणे सांगितलं: तो शब्द नाही, किंवा ते गाणं नाही.

तिघं माझ्याकडे येऊन भांडली, माझ्याशी नाही, आपसांत. बेसवाल्याचं म्हणणं, रेडिओला वेगळं आणि अल्बमला वेगळं गाऊ. मुलगी म्हणाली, मग अल्बम रेडिओचा कसला? बीप टाकायचा का, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला.

मला केसकर आठवले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आक्रसली. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं, बिनाका गीतमाला घरोघरी पोचली. केसकरांना हवं होतं ते झालं नाही. पण सिनेमाच्या गाण्यांनी रिकाम्या केलेल्या त्या वेळेत काहीतरी घालणं आलंच, आणि आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताला जागा, वादक आणि मानधन मिळालं ते या काळात. गीतरामायण त्या हवेतलं आहे. पेटी तर १९४०पासून बंद, ती परत यायला सत्तरचं दशक उजाडलं. बंदी घालणाऱ्यांबद्दल मला प्रेम नाही. केसकरांनी लोकांची आवड सुधारायला घेतली होती, आणि तसं करणाऱ्या माणसापासून मी दोन हात लांबच राहतो. पण त्या रिकाम्या तासांत कोण येऊन बसलं, हेही नाकारता येत नाही.

निघताना ड्रमर पहिल्यांदा बोलला. "तू तिथे थांब. मी मारतो." त्या शब्दाच्या जागी तिने गप्प राहायचं आणि त्याने ताशाचा एक चाबूक ओढायचा. टेबलावरच करून दाखवलं. शब्द ऐकू आला.

३० जून, रविवार

पालख्या आल्या. फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता बंद. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. बाजारातून मागवलेली केबल अडकली, ती आता उद्याही येणार नाही. आहे त्यात भागवायचं.

दिवसभर खोली लावली. तिघं एकाच खोलीत वाजवणार, मधे काच नाही. ड्रम कोपऱ्यात सतरंजीवर. किकला एक माइक, स्नेअरला एक, डोक्यावर दोन. गिटारचा ॲम्प भिंतीकडे तोंड करून, मागे जुनी गादी उभी. बेस त्याच्या ॲम्पमधून वायरने. गाण्याचा माइक ड्रमकडे पाठ करून, म्हणजे ड्रम त्यात कमी शिरेल. तरी शिरणारच. इथेच सगळी मेख आहे. गिटार चुकली तर ती ड्रमच्या माइकांतही चुकलेली असते. एकीकडून काढली तरी दुसरीकडे उरते. वेगवेगळ्या खोल्यांत वाजवलेलं मी रात्रभर बसून सरळ करू शकतो, आणि लोकांना वाटतं त्याहून कितीतरी जास्त करतो. इथे माझे हात बांधलेले. जे वाजलं ते वाजलं.

२ जुलै, मंगळवार

पालख्या पहाटे गेल्या, तिघं दहाला आली. ठरवलं असं: नऊच्या नऊ गाणी सलग, अशा तीन फेऱ्या. मग एक पूर्ण फेरी निवडायची. ह्या फेरीतलं हे, त्या फेरीतलं ते, असं नाही.

पहिली फेरी सुरू केली. चार गाणी वाऱ्यासारखी गेली. डिपॉझिटच्या गाण्यात ती थांबली, ताशा ओढला. मी काचेमागे एकटाच मोठ्याने हसलो. पाचवं गाणं, बसचं, अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली.

माझा संगणक आणि माइकांचं यंत्र यूपीएसवर आहे. ॲम्प नाहीत. म्हणजे गिटार आणि बेस त्या क्षणी मेले, आणि ड्रम व गळा चालू. पडद्यावरच्या उजेडात मला दिसलं, ड्रमरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि काठ्या थांबवल्या नाहीत. उलट किक सोडून दिली, नुसता स्नेअर, मिरवणुकीतला. ती माइकला चिकटून गायली. गिटारच्या सुक्या तारा खरखरत होत्या त्याही माइकात आल्या. बेसवाला अंधारात प्रामाणिकपणे वाजवत होता. त्याचं त्यालाच ऐकू येत असेल. पाचवं संपलं, सहावं तसंच चालू झालं आणि त्याच्या दुसऱ्या कडव्याला लाइट आली. ॲम्प धप्पकन जागे झाले, तेही बरोबर समेवर. असं ठरवून जमत नाही.

दुसरी फेरी बिनचूक. तिसरीच्या वेळी सगळी दमली होती, तिसऱ्या गाण्यात तिची तार तुटली, आणि मी मधे सोडायला सांगितलं. पावणेदोन वाजले होते. आप्पा आले नाहीत.

३ जुलै, बुधवार

फरसाणवाल्याला 'कुरकुरीत' अजून कुरकुरीत हवंय.

५ जुलै, शुक्रवार

कोणती फेरी? अर्थातच वाद. बेसवाला दुसरीच्या बाजूने: बिनचूक आहे, आणि पहिलीत जवळजवळ एक गाणंभर तो नाहीच. त्याचा मुद्दा रास्त आहे. नोकरी सांभाळून पोरगा रोज रात्री तालीम करतो, आणि अल्बममध्ये तोच गायब. मुलगी पहिलीवर अडून. ड्रमर म्हणाला, तुम्ही ठरवा, मला पथकाला जायचंय.

मला विचारलं तेव्हा मी दोन्ही फेऱ्या लावल्या आणि बेसवाल्याला फक्त बसचं गाणं ऐकायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत ते बसवर लिहिलेलं गाणं आहे. पहिलीत कुणीतरी खरंच थांब्यावर उभं आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ठीक आहे, पण एका अटीवर, ती मी लिहून देतो.

मिक्सिंग तासाभरात झालं. करण्यासारखं होतंच किती? आवाजांच्या पातळ्या, थोडी किक वर, आणि लाइट येतानाचा धप्प जरा खाली, नाहीतर ऐकणाऱ्याचे स्पीकर जायचे. तो पूर्ण काढू का, विचारलं; तिघं एकदम नाही म्हणाली.

७ जुलै, रविवार

संध्याकाळी प्रसारण. कम्युनिटी रेडिओची ताकद शंभर वॅटच्या आत, टेकडी आडवी आली की आवाज बसतो. आमच्या इमारतीत तळमजल्यावर नुसती खरखर. गच्चीवर जावं म्हणून निघालो तर आप्पांचं दार उघडं, आणि त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर, एरियल खिडकीच्या गजाला टेकवलेली, स्वच्छ ऐकू येत होतं. पाट्यांचं गाणं चालू होतं.

"हे तुझ्या खोलीतलंच ना? दोन तारखेचं?" आप्पा म्हणाले.

हो म्हणालो.

"मुलगी ओरडते फार. पण ताशेवाला कुठल्या पथकाचा?"

पथकाचं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि डिपॉझिटचं गाणं लागल्यावर, त्या एका जागी, मोठ्याने तो शब्द स्वतःच उच्चारला. काकू आतून ओरडल्या.

११ जुलै, गुरुवार

अल्बम इंटरनेटवर चढवायला अंतिम फाइल दिली. शंभर कॅसेटही काढणार आहेत, हौस म्हणून. कॅसेट कुणाकडे वाजते हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय. कव्हरचा कागद दाखवायला मुलगी आली होती. स्ट्रेंज फ्रूट या कंपनीने १९८६पासून पील सेशनच्या तबकड्या काढल्या तेव्हा सुरुवातीची कव्हरं सगळ्यांना सारखीच होती, चित्र नाही, नुसती सेशन केलेल्या बँडांची नावं छापलेली. ते मी तिला दाखवलं होतं. तिने तसंच केलंय. चित्र नाही. गाण्यांची नावं, तारीख, वादकांची नावं, माझं नाव, पथकाचं नाव, आभारात आप्पा. खाली बेसवाल्याची अट, त्याने लिहून दिली तशीच, ठळक अक्षरांत: 'गाणं क्र. ५ व ६ मध्ये बेस वाजवलेला आहे. लाइट नव्हती.'